दुर्बिणीचा वाटा

बेलपाड्याच्या काशिराम घरताला देवानं बायको चांगली दिली, शेत चांगलं दिलं, फक्त अक्कल देताना हात जरा आखडता घेतला. त्याला जन्मात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे बंदुकीचा वाटा.

गावाची रीत अशी, की शिकारीत डुक्कर पडलं की ज्याची गोळी लागली त्याला मुंडी आणि मागची तंगडी. हाका घालणाऱ्यांना एकेक वाटा. कुत्र्याला अर्धा, आणि तो त्याच्या मालकाच्या घरी जायचा. गावात बंदूक एकच, भगवान पाटलाची, ठासणीची. भगवान चाप ओढताना डोळे मिटतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, तरी मुंडी दरसाल त्याच्याच दारात. काशिराम पंधरा वर्षं रॉकेलचा डबा बडवून हाका घालत होता आणि मुकाट्यानं एक वाटा घेऊन घरी येत होता. त्याचा टिप्या नावाचा कुत्राही हाक्यात असायचा, म्हणून वर आणखी अर्धा.

त्यात डोंगराकडचं त्याचं भातही डुकरं लोळवायची. शेवटी त्याच्या बायकोनं, चंद्रावतीनं, मनावर घेतलं. दोन पावसाळे डोक्यावर काकड्या-शिराळ्यांची पाटी घेऊन ती पनवेलच्या बाजारात बसली आणि साठलेले पावणेदोनशे रुपये नवऱ्यासमोर ठेवले.

"बंदूक आणा," ती म्हणाली. "भात वाचला पायजे. मुंडीचं मागून बगू."

काशिरामनं मुंडीचं तेवढं ऐकलं.

पनवेलला तो आधी कचेरीत गेला. कारकुनानं अर्ज घेतला आणि डुकरांनी पीक खाल्ल्याचा पुरावा मागितला. "आता डुकराचा अंगठा आणू का काय?" असं काशिरामच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण गरजवंताला अक्कल नसते, आणि ह्याला तर आधीच कमी. तो हात जोडून बाहेर पडला. परवान्याला सहा महिने लागतील म्हणाले.

मग तो बाजारात हातिमभाईच्या दुकानी गेला. हातिमभाई परवान्याच्या बंदुका विकायचा, आणि गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या खिशाचं वजन चपलेवरून सांगायचा. त्यानं आधी ठासणीची बंदूक काढली. शंभरात बसत होती. परवाना येईपर्यंत ठेवून देतो म्हणाला.

"ही तर भगवानकडं हाय," काशिराम नाक मुरडून म्हणाला.

एकनळीचे तीनशे होते. भिंतीवर एक रायफल होती, गोरा साहेब जाताना विकून गेलेली, तिच्या किमतीत बेलपाड्यात घर झालं असतं. काशिराम तिच्याकडे असा बघत राहिला, की हातिमभाईला दया आली. दया आली म्हणजे त्याला फडताळातली दुर्बीण आठवली. त्याच रायफलीची, नळीवर बसवायची, वर्षभर कुणी ढुंकून न बघितलेली.

"काशिरामशेठ, बंदूक काय, गल्लीगल्लीत मिळेल," तो म्हणाला. "ही चीज पुन्हा मिळणार नाही. आणि हिला परवाना लागत नाही! पावणेदोनशे. बंदूक पुढच्या साली घ्या."

काशिरामनं डोळा लावला. समोरच्या हलवायाच्या जिलबीवरची माशी पाय चोळताना दिसली. झालं! तिथंच सौदा ठरला.

घरी चंद्रावतीनं पिशवी उलटीपालटी केली.

"बंदूक कुठं हाय?"

"ही अर्धी हाय. नेमाची बाजू. उरली ती नुसती धूर काढायची."

तिनं पिशवीची घडी घालून ती काकड्यांच्या रिकाम्या पाटीत टाकली.

आठ दिवस काशिराम शेताच्या बांधावर दुर्बीण लावून बसला. पूर्वी डुकरं न दिसता भात खायची, आता एकेक दाणा चावताना दिसायची. बघताना ओरडायचं त्याला सुचायचं नाही, इतकं ते सुंदर दिसायचं. पाऊण गुंठा असाच गेला.

मग आश्विनात गावाची शिकार निघाली. काशिरामनं डबा शेजारच्या धर्मराजाच्या हाती दिला. "मी आज बंदुकीच्या बाजूला," म्हणाला आणि दुर्बीण घेऊन एकटाच ऐनाच्या झाडावर चढला. खाली टिप्या इमानानं बसला.

हाका सुरू झाला. झुडूप हललं. काशिरामनं दुर्बीण लावली आणि डुकराचं थोबाड, सुळ्यांसकट, थेट नाकासमोर! डुक्कर होतं दोनशे पावलांवर, पण हे कोण सांगणार? "आयो, खाल्लं मना!" करून तो किंचाळला आणि फांदीवरून करवंदीच्या जाळीत आडवा झाला. टिप्या भुंकत सुटला. दचकून डुक्कर वळलं ते सरळ भगवानच्या पुढ्यात. भगवाननं रीतीप्रमाणे डोळे मिटून चाप ओढला, आणि डुक्कर पडलं.

वाट्याच्या वेळी काशिराम काटे उपटत उभा राहिला.

"मुंडी अर्धी माझी. डुक्कर मी दाखवलं."

गर्दीत हसू पिकलं. पण न्याय म्हातारे महादेवबाबा करायचे, आणि ते कधी हसायचे नाहीत. त्यांनी तंबाखू थुंकली.

"गोळी मारली?"

"नाय."

"डबा बडवला?"

"नाय. तो धर्मराजानं."

"मंग तू काय केलंस? जनावर बगितलंस आणि वरडलास. टिप्यानं पन त्येच केलं." बाबांनी सुरी उचलली. "रीत हाय. अर्धा वाटा."

आता कुणी हसलंही नाही, ते जास्त लागलं. पंधरा वर्षांचा पुरा वाटा डब्याबरोबर धर्मराजाच्या घरी गेला.

काशिराम दोन पुडे घेऊन घरी आला. दोन्ही पळसाच्या पानात, दोन्ही सारखे. चंद्रावतीनं ते चुलीपुढं ठेवले. सगळी हकीकत पाणवठ्यावरून त्याच्याआधीच तिच्यापर्यंत पोचली होती.

"ह्यातला टिप्याचा कुठला आणि तुमचा कुठला?"

काशिरामनं दोन्हींकडं पाहिलं. खरंच सांगता येईना.

"सारखेच हायत," तो म्हणाला.

"सारखं कसं?" चंद्रावतीनं मडकं चुलीवर चढवलं. "टिप्या आपल्याकडं फुकट आला व्हता."

तिनं कोपऱ्यातून रॉकेलचा एक जुना, चेपलेला डबा काढून त्याच्यापुढं ठेवला. काशिरामनं दुर्बीण खुंटीला अडकवली, डबा उचलला आणि डुकरं हाकायला शेताकडं निघाला. टिप्या पुढं चालला.