त्रास द्या तिला

बाईंना पोरं पाठीमागे ठिणगीबाई म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांची हरकतही नव्हती. त्यांच्या आईला मात्र ते नाव पटत नसे. आईचा उभा जन्म लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात गेला होता. ती म्हणायची, "ठिणगी विझते तरी. ही इस्त्री आहे. बटण बंद केलं तरी हात लावायची सोय नाही."

घरातली पहिली पदवी बाईंची, पहिली पीएचडीही त्यांचीच. मेंदूच्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात, हा त्यांचा विषय. विद्यापीठात शिकवायला लागल्यावर त्यांनी एक वर्ग काढला. ज्यांच्या घरात पीएचडी हा शब्दच कधी कुणी उच्चारला नाही, अशा पदवीच्या मुलामुलींना मेंदूविज्ञानातल्या पीएचडीसाठी तयार करायचं. विभागप्रमुखांनी तोंडभरून कौतुक केलं आणि वर्गाला दिली फ्रीझरशेजारची अडगळीची खोली. फ्रीझर घरघरायला लागला की बाई आवाज चढवायच्या. तो थांबला तरी यांचा आवाज खाली येत नसे.

त्या वर्गात एका वेल्डरची मुलगी आली. बोलणं मोजकं, हात स्थिर. "माझा बाप दिवसभर ठिणग्यांत असतो," तिनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "म्हणून मला तुमची भीती वाटत नाही." बाईंना हसू आवरलं नाही.

तिचं काम नाजूक होतं. उंदराच्या मेंदूचे पातळ काप करायचे, ते जिवंत ठेवायचे आणि काचेची बारीक नळी एकेका पेशीला टेकवून तिच्यातली वीज मोजायची. झोपमोड झालेल्या उंदरांच्या पेशी मंदावतात, असा तिचा अंदाज होता. पण कित्येक महिने तिच्या कापांतल्या पेशी मोजायच्या आधीच मरायच्या. लॅबमधला एक सीनियर म्हणाला, "हिला बाटल्या धुवायला घ्या, तेवढा तरी उपयोग होईल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाटल्या ज्यानं त्यानं आपापल्या धुवायच्या. आजपासून तूही." मग त्या मुलीकडे वळल्या. "रडायचं तर रड. पण पेशी का मरतात, ते शोधल्याशिवाय घरी जायचं नाव काढू नकोस."

ती रडली नाही. एक एक गोष्ट बदलत राहिली. शेवटी कळलं, कापताना भोवतीचं खारं पाणी पुरेसं गार राहत नव्हतं आणि पातं फार घाईनं पुढं सरकत होतं. पेशी जगल्या आणि जगल्याबरोबर त्यांनी तिचा अंदाजच खोटा पाडला. मंदावणं राहिलं बाजूला, त्या जरा डिवचलं की तडतडायच्या. स्वतः चुकल्याचा इतका आनंद झालेलं माणूस बाईंनी फार दिवसांनी पाहिलं.

मग मुलाखतीची तयारी. बाई खडूस परीक्षक व्हायच्या, वाटेल तिथून प्रश्न टाकायच्या. सराव ऐकायला आईला बसवायच्या. आईला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण तिला डुलकी लागली नाही तर सराव पास.

मुलाखतीच्या दिवशी बाईंना कोपऱ्यात बसायची मुभा होती, बोलायची नव्हती. आधी एका डॉक्टरांचा मुलगा आत आला. त्याला समितीनं प्रयोगावरून पिळून काढलं. तो घामाघूम झाला, पण त्याला विचार करताना सगळ्यांनी पाहिलं. मग वेल्डरची मुलगी आली.

"घरी अभ्यासाला वेगळी खोली होती का?" विभागप्रमुखांनी मऊ आवाजात विचारलं.

"नव्हती."

"वडिलांचा पाठिंबा?"

"आहे."

"एवढ्या अडचणींतून इथवर येणं म्हणजे खरंच..." त्यांनी वाक्य हवेत सोडून दिलं. दुसऱ्या एकानं चष्मा पुसला. अजून काही बोलायचंय का, प्रमुख म्हणाले. फाइल मिटली.

बाई उठल्या. "तिच्या कामावर एक तरी प्रश्न विचारा."

"बाई, आम्हाला तिला त्रास द्यायचा नाहीये."

"द्या त्रास. त्याला द्यावासा वाटला, कारण त्याच्याकडून उत्तराची आशा होती. हिच्याकडून तुम्हाला फक्त डोळ्यांत पाणी हवंय. ती इथे कीव गोळा करायला आलेली नाही."

मग मुलगीच म्हणाली, "सर, माझ्या पेशी आधी का मरत होत्या, ते सांगू?" आणि परवानगीची वाट न बघता फळ्याकडे गेली. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाईंनी तिला एक अवघड प्रश्न घातला. ती अडली. "हे मला माहीत नाही," ती म्हणाली, "पण कसं शोधता येईल ते सांगते." आणि सांगितलं.

निकाल लागला. डॉक्टरांच्या मुलाला पीएचडीची जागा. हिला 'पूर्वतयारीची' खास जागा, म्हणजे पीएचडीच्या दारात आणखी दोन वर्षं उभं राहणं. वरून कौतुक, की विभागानं किती मोठं मन दाखवलं. सरळ तोंडाला पानं पुसली होती.

"तयारी, तयारी," बाई प्रमुखांच्या खोलीत उभ्या राहून म्हणाल्या. "ती तयार आहे. तुमची तयारी कधी व्हायची?"

प्रमुखांनी पाणी पुढं केलं. बाईंनी पेल्याला हात लावला नाही.

मुलीनं ती जागा नाकारली. पुढच्याच महिन्यात बाहेरगावच्या परीक्षक बाईंनी तिला आपल्या लॅबमध्ये पीएचडीला बोलावून घेतलं. गाडीवर पोचवायला आलेला वेल्डर बाईंना म्हणाला, "झालं ना चांगलं? आता राग सोडा."

"तुमच्या पोरीचं झालं," बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गातल्या आधीच्या ज्या पोरांच्या मुलाखतीला बाहेरून कुणी आलं नव्हतं, त्यांचं काय?"

पुढच्या वर्षी बाईंना मुलाखतीच्या खोलीत बसायची मुभा मिळाली नाही. विभागाच्या दारावर मात्र मोठं पोस्टर लागलं. त्यात सूक्ष्मदर्शकाशी बसलेली वेल्डरची मुलगी, वर लिहिलेलं, 'इथे सर्वांना संधी'. बाईंनी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, ते नखांनी खरवडून काढलं. शिपाई म्हणाला, "बाई, साहेब ओरडतील."

"ओरडू देत," बाई म्हणाल्या, आणि वर्ग घ्यायला गेल्या.