मर्व्हिनच्या ॲम्पची घुरघुर

गाण्यापेक्षा गाणं थांबल्यावरची शांतता ऐकायला आवडते असा आमच्या मूंटा गावातला एकमेव माणूस म्हणजे माझा नवरा मर्व्हिन ट्रेझाइज. जुने, काचेच्या व्हॉल्व्हचे गिटार ॲम्प दुरुस्त करतो. म्हणजे उघडतो.

फुटबॉल क्लबात लावला की त्याचा स्वतःचाच ॲम्प घूंऽऽ करायचा. घरी शेडमध्ये आणला की गप्प. दुखणं क्लबात असेल असं कुणालाही वाटलं असतं, पण या शहाण्याला नाही. याने व्हॉल्व्ह बदलले, कपॅसिटर बदलले, ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवला. तपासायचा मात्र शेडमध्येच!

"क्लबचा इलेक्ट्रिशियन गॉर्डन आहे ना, त्याला विचार की," मी म्हटलं.

"गॉर्डनला? त्याला फक्त टोस्टर कळतो, ग्लेंडा."

"टोस्टर निदान पाव तरी भाजतो."

शनिवारी आमची टॅम्सिन बापाच्या ॲम्पवर पहिल्यांदा क्लबात गाणार होती. मी पेस्टीजचा, म्हणजे भाजलेल्या खिमा-बटाट्याच्या करंज्यांचा, ट्रे घेऊन आत गेले, तर मर्व्हिन बोट वर करून उभा.

"ऐक!"

"काय ऐकू?"

"काहीच नाही! तेच तर!"

ॲम्प खरंच मुका झाला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि हा मान डोलावत राहिला. तेवढ्यात त्याच्या हत्यारांच्या पेटीवर, करवतीशेजारी, पितळेची चपटी पिन दिसली.

"हे काय रे?"

"अर्थिंगची पिन. प्लगची कापून टाकली. जुने वाजवणारे असंच करायचे."

"म्हणून त्यातले बरेचसे आता दिसत नाहीत."

समोर टॅम्सिनच्या गळ्यात गिटार, हात तारांवर आणि ओठ माइककडे निघालेले. ॲम्पमध्ये आत काही बिघडलं असतं, तर वीज तारांमधून तिच्या हातात आणि ओठांवाटे माइकमध्ये गेली असती. ते होऊ नये म्हणूनच ती पिन असते. मर्व्हिनला हे माहीत नव्हतं असं नाही, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी धावत जाऊन प्लग उपटला.

"ग्लेंडा! सगळ्या गावासमोर?"

"सगळ्या गावासमोर लेकीला जाळणार होतास." मी ती पिन त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने टॅम्सिनकडे पाहिलं. त्याचा चेहरा कच्च्या कणकेसारखा झाला.

नवा प्लग गॉर्डननेच बसवला. मग माइकचं यंत्र ज्या बोर्डावर होतं, त्याच बोर्डात त्याने ॲम्प लावला. इतके दिवस दोघं दोन भिंतींवरून वीज घेत होते आणि ॲम्पपासून माइकच्या यंत्राला जोडलेल्या वायरीतून त्यांचं भांडण घुरघुरत होतं. ते थांबलं.

"एवढंच?" मर्व्हिन पुटपुटला.

"एवढंच, मर्व्ह. आता बस ऐकत," गॉर्डन म्हणाला.

टॅम्सिन आता दर शनिवारी गाते. त्याआधी आमचे हे स्टेजवर चढतात, एका हाताने गिटारच्या तारा घट्ट धरतात आणि माइकला स्वतःचे ओठ टेकवतात. लोक हसतात. मी याला एरवी कशातही सोडत नाही, पण तेवढा वेळ गप्प बसते.