ताईचं लॉगिन पेज

माझ्या भुवईवरची खूण अपघाताची नाही. ताईने डोक्यात कीबोर्ड घातला होता.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

सातिवलीच्या एका गाळ्यात आम्हा दोघा भावंडांचं ऑफिस होतं. बर्फाच्या फॅक्टरीची वेबसाइट ताईने एकटीने लिहिलेली, एएसपी नावाच्या जुन्या तंत्रात. मासळीवाले त्यावरून बर्फ मागवायचे.

मग त्याच्या जागी नवं डॉट नेट आलं.

मी म्हटलं, "ताई, तुझा कोड आता भंगार झालाय. सगळं नव्यात घेऊ."

भंगार म्हणेपर्यंत कीबोर्ड फुटला होता. मीही तिचा हात पिरगळला. चांगले घोडे झालो होतो दोघं, लाज म्हणून नव्हती.

टाके घालून आलो आणि इरेला पेटून ऑर्डरचं पेज नव्यात केलं. लॉगिनचं तिने दिलं नाही.

"त्याला हात लावलास तर हात तोडीन."

आता जुन्या पेजवर लॉगिन केलेला माणूस नव्या पेजला ओळखूच येईना. दोन्ही पेजांची सेशन्स, म्हणजे आत कोण आलंय याची नोंद, वेगळी. हे आधी कळायला आम्ही एकमेकांशी बोलायला हवं होतं.

ऑर्डरी बिननावाच्या पडल्या. बर्फ गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पाचूबंदरचा एक मासळीवाला आला. नासलेल्या बोंबलांचा टब त्याने माझ्या टेबलावर ओतला आणि माझी कॉलर धरली.

"कोनी केलं हे? सगळ्या म्हावऱ्याचं पानी झालं."

एक कानाखाली बसली. दुसरी ताईने वरच्या वर धरली आणि असा धक्का दिला की तो टबासकट दारात जाऊन पडला.

"चूक आमची आहे. बर्फ आत्ता पाठवते," ती म्हणाली. "पण ह्याला मारायला मी आहे. तुम्ही हात लावायचा नाही."

तिने फॅक्टरीला फोन केला. मासळीवाला शिव्या घालत गेला.

मग त्या घाण वासात ती माझ्या शेजारी बसली. स्वतःचं लॉगिन पेज उघडलं, सगळं सिलेक्ट केलं आणि डिलीट दाबलं. ढसाढसा रडत होती.

"घे मेल्या. लिही नव्याने."

गेल्या वर्षी आजारपणात, हॉस्पिटलमध्येही ती सलाइन उपटून फेकायची. मी तिचे हात धरून ठेवायचो. शेवटच्या आठवड्यात धरावे लागले नाहीत, तेव्हा मी बाहेर येऊन भिंतीवर बुक्क्या मारल्या.

काल साइट पुन्हा पुढच्या व्हर्जनवर नेली. तिच्यासमोर लिहिलेलं लॉगिन पेज काढून टाकलं. सगळं नीट चाललं. कोणी काही फेकलं नाही.

श्रद्धांजली बिद्धांजली तुला चालायची नाही, ताई.

एकदा येऊन एक ठेवून दे. मग जा सुखाने.