येते म्हणाले होते

माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून सगळ्यात जास्त मीच हसायचे... हडळ काय, चकवा काय, आणि सगळं गावाकडेच कसं घडतं? घाटकोपरला राहायला या म्हणावं, जागेचे भाव ऐकून भूत स्वतःच पळेल. त्यात माझं कामच असं, की कोणी काही सांगायला लागलं की पहिला प्रश्न तोंडात येतो — तुम्ही स्वतः पाहिलंत, की कोणाकडून ऐकलंत? मी घरोघरी जाऊन सर्व्हे करते. बरीच वर्षं झाली.

थोडं कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका संस्थेसाठी आम्ही टॅबलेट घेऊन दारोदार फिरतो. सरकारबद्दल काय वाटतं, मत देताना उमेदवार बघता की पक्ष, पगार महिनाअखेरपर्यंत पुरतो का, अडचण आली तर कोणाकडे हात पसरता... असले प्रश्न. आता मला सांगा, दारात उभ्या असलेल्या अनोळखी बाईला हे कोण सांगणार? अर्ध्या लोकांना वाटतं मी पार्टीची, उरलेल्यांना वाटतं लोनच्या वसुलीला आले. कोणी नाही म्हटलं की त्या घरापुढे 'नकार' लागतो. पण म्हणून शेजारचं घर घ्यायचं नाही. ठरलेली घरं ठरलेलीच, त्यांच्याकडेच पुन्हा जायचं.

माझ्या दोन सवयी आहेत. एक म्हणजे कडी वाजवायच्या आधी मी मनात म्हणते, 'उघड ना माझे आई.' मनातच हं, ओठसुद्धा हलत नाहीत, आणि हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. दुसरी सवय सगळ्यांना माहीत आहे. दार तोंडावर आपटलं तरी मी 'येते हं' म्हणूनच वळते. 'जाते' म्हणू नये ही आईची शिकवण, ती जिभेवर बसलीये. शीतल त्यावरून माझी खेचायची. म्हणायची, त्यांनी तुला हाकललं आणि तू कसली येतेस यार?

तर ही शीतल. माझ्यानंतर लागली, टॅबलेट कसा धरायचा इथपासून मी शिकवलं तिला. आणि तिला लोक दार उघडतात. बस, एवढंच. दिसायला काही अप्सरा नाही, बोलायला माझ्यापेक्षा हळू, प्रश्न तर वाचताना अडखळते. पण तिला चहा मिळतो, पोहे मिळतात, मुलुंडला एका आजोबांनी तिला फणसाचे गरे डबा भरून दिले होते. मला त्याच बिल्डिंगमध्ये वॉचमनने खाली उभं केलं. मी जळायचे. उगाच गोड कशाला बोलू, पोटात दुखायचं माझ्या. तिचं ते हसणं मी घरी आरशासमोर करून बघितलंय... नाही जमत.

त्यात आमच्या सावंत सरांनी सांगून ठेवलं, हा राउंड संपला की तुमच्या दोघींतली एक सुपरवायझर. कायमची नोकरी, पगारी रजा, जिने चढणं बंद. माझे गुडघे बोलायला लागलेत, आणि अनुभव माझा जास्त. ती जागा मला हवी होती, आणि ती शीतलला मिळाली असती तर मला झोप लागली नसती.

आता मुख्य गोष्ट. घाटकोपर पश्चिमेला असल्फ्याच्या डोंगरावर एक गल्ली आहे. चढ इतका उभा की खालच्या घराचा पत्रा वरच्या घराच्या उंबऱ्याला लागतो. तिथली घरं माझ्या वाट्याला आली होती. शनिवारी भरदुपारी गेले आणि वाट लागली. एकेक करत सगळ्यांनी नकार दिला. वरच्या टोकाला एक मालवणी आजी राहतात, त्यांनी तर जाळीतूनच हात हलवला आणि दार लावलं. मी प्रत्येक दाराला 'येते हं' म्हटलं आणि उतरले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मनोरीला माझ्या बहिणीच्या मुलाचं बारसं होतं, ते आधीपासून सरांना सांगितलेलं. सकाळीच मार्व्याहून बोटीने गेले, दिवस मावळल्यावर परतले. पाळण्याशेजारचा माझा फोटो स्टेटसला होता, त्यावर खुद्द सरांनी बदाम टाकला. हे लक्षात ठेवा.

त्या रविवारी सरांनी माझी ती घरं शीतलला दिली. तिने सगळी पूर्ण केली. एकही नकार नाही... सोमवारी ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस, आणि सरांचं एक वाक्य की शिकण्यासारखं आहे. ते कोणाला उद्देशून होतं हे सांगायला नकोच.

माझी खात्री पटली, ही घरी पंख्याखाली बसून उत्तरं भरतेय. आमच्या धंद्यात असं करणारे असतात. ते पकडण्यासाठीच तपासणी असते — दुसऱ्या माणसाने काही घरी जाऊन विचारायचं, कोणी आलं होतं का, किती वेळ बसलं, काय विचारलं. माणसं कमी होती म्हणून सरांनी आम्हालाच एकमेकींची घरं तपासायला दिली. मला वाटलं, देव आहे. शीतलचा हसरा फोटो मोबाईलवर घेऊन मी तो डोंगर उड्या मारत चढले, गुडघ्यांसकट.

पहिलंच दार मी हात लावायच्या आधी उघडलं. शनिवारी याच बाईने मला 'पुढे जा' सांगितलं होतं. आता म्हणाली, ताई, आज पुन्हा? या की आत. मला वाटलं चुकून. पुढच्या घरात कांबळेकाका, त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि त्यांच्या गुडघ्याला मी सांगितलेलं तेल लागू पडलं म्हणून बायकोला हाक मारली. मी कुठलं तेल सांगितलं? मी शीतलचा फोटो दाखवला. काका म्हणाले, हो, ही पण आली होती, मशीन घेऊन. पण ती नंतर. आधी तुम्ही आलात. रविवारी. तुम्ही काही विचारलं नाहीत, नुसत्या बसलात.

प्रत्येक घरी तेच. रविवारी मी आले. टॅबलेट नव्हता. मी बसले, त्यांचं ऐकलं, कोणाकडे भाजी निवडू लागले, कोणाचं बाळ मांडीवर झोपलं. जाताना सांगून गेले की माझी मैत्रीण येईल, तिला सगळं सांगा. मी म्हटलं, अहो, दुसरी कोणी असेल. तर हसले सगळे. तुम्हीच की, म्हणाले, मोहरी रंगाचा ड्रेस होता त्या दिवशी.

मोहरी रंगाचा ड्रेस मी बारशालाच घातला होता. मनोरीला.

तरी वरच्या टोकापर्यंत गेले, कारण मला त्या आजींना बघायचं होतं. त्या उंबऱ्यातच बसल्या होत्या. मला बघून त्यांचं तोंड असं फुललं... माझ्याकडे बघून असं कोणाचं होत नाही हो. माझ्या सासूबाईंचं तर नाहीच.

"इलंस गो? बस," म्हणाल्या.

मी विचारलं, आजी, शनिवारी तुम्ही मला दार लावलंत ना? हो म्हणाल्या, लावलं. पण मी 'येते' म्हणून गेले आणि शब्दाला जागले, हल्ली कोण येतं? मग मी विचारलं, रविवारी का उघडलंत?

"तू भायरसून म्हटलंस, 'उघड ना माझे आई.' तसा म्हटल्यार कोण दार लावन बसतला?"

मी तिथेच पायरीवर बसले. ते वाक्य... मी आजवर कोणासमोर उच्चारलेलं नाही. भीती वाटली, हो, वाटली. पण खोटं कशाला बोलू, त्या भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते मला चांगलं ओळखीचं होतं. माझ्या तोंडाने, माझ्या ड्रेसमध्ये, माझं मनातलं वाक्य चोरून कोणीतरी इथे येऊन बसलं होतं, आणि मी इतकी वर्षं तंगडतोड करून जे मिळालं नाही ते एका दुपारी घेऊन गेलं होतं.

आजी त्या दिवसाचंच बोलत राहिल्या. मी किती छान ऐकते म्हणे. त्यांच्या मुलाने बोलणं टाकलंय ते त्यांनी मला सांगितलं, तेव्हा मी म्हणे त्यांचा हात धरला होता. फक्त एक गोष्ट त्यांना खटकली होती. जाताना मी 'जाते' म्हणाले. त्यांनी टोकलं, बाय, येतंय म्हणावा, तर मी नुसती हसले आणि उतरले.

मला आता तिथून निघायचं होतं. मी आजींचा हात धरून बघितला, त्यांनी तो थोड्या वेळाने हळूच सोडवून घेतला. मी उठले, सवयीने म्हटलं, "येते आजी." त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं.

"येतलंस तर त्या दिवशी इल्लंस तशी ये," म्हणाल्या.

ऑफिसात शीतल माझी वाटच बघत होती. मला बाजूला घेऊन थँक्यू म्हणाली. तिला सगळ्या घरांत कळलं होतं की मी आधी येऊन गेले, आणि तिला वाटलं, सुट्टीच्या दिवशी मी तिच्यासाठी धावत गेले. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. सरांना सांगावं, तर काय? की शीतलचं काम मीच सोपं केलं? मग मनोरीच्या फोटोतली कोण, ज्यावर त्यांनीच बदाम टाकलाय? मी तपासणीत लिहिलं, सगळं बरोबर. ते खरंही होतं. सुपरवायझर शीतल झाली.

गंमत बघा, शीतलवर आता मी जळत नाही. तिला बिचारीला उघडी दारं मिळाली, एवढंच. मी जळते ते त्या दुसरीवर.

आमच्या सर्व्हेत प्रत्येक प्रश्नाला 'सांगता येत नाही' असा एक पर्याय असतो. तो आम्ही वाचून दाखवत नाही, माणसाने आपणहून म्हटलं तरच लावायचा. मी आपणहून म्हणते. कोण होती, कशी आली, सांगता येत नाही. मनोरीला त्या दुपारी मी होते याला अख्खं गाव साक्षी आहे.

एक मात्र केलंय. 'येते' म्हणणं सोडलं. बंद दाराला तर नाहीच, घरातून निघतानाही नाही. सासूबाई रोज चिडतात, 'जाते' काय म्हणतेस, येते म्हण गं. मी चपला घालते आणि निघते. त्यांना वाटतं मला भीती बसलीये. भीती नाही... संध्याकाळी मी घरी पोचेन तेव्हा माझ्याआधी येऊन कोणीतरी त्यांच्याशेजारी बसलेलं असेल, आणि सासूबाईंचं तोंड फुललेलं असेल, ते मला चालणार नाही.