आईच्या डोक्याला मार लागला होता

काकी,

आम्ही निघालो त्या सकाळी आई उंबऱ्यापर्यंत यायची आणि परत आत जायची, गॅस बंद आहे का बघायला. गॅस बंदच होता. तू ओटीवर पापडाच्या पिठाने माखलेले हात तसेच घेऊन उभी होतीस. म्हणालीस, "वैनी, गॅस मी बघते. तू निघ गो, नायतर एसटी जाईल." बाबा खुर्चीत बसून चहात खारी बुडवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "जाऊ दे तिला," म्हणाले. "डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. चार दिवसांत इथंच येईल."

वाक्य खरं होतं. परिणाम झालाच होता. तो कुणी केला, तेवढं त्यांनी सांगितलं नाही.

पेणला येऊन रोह्याची गाडी धरली, वडखळला नेहमीसारखे अडकलो, आणि नागोठणं गेल्यावर आईने मला विचारलं, "आपण कुठं चाललो?" मी बारावीची परीक्षा देऊन बसलेली. म्हटलं, "वरश्याला. मामाने खोली बघितलीय." ती बरं म्हणाली. रोह्यात उतरताना तिने तेच परत विचारलं. तेव्हा मला वाटलं, घाबरलीय. कुणालाही तसंच वाटलं असतं, कारण याला दुसरं काही नाव असतं हे आपल्या खारेपाटात कुणी कुणाला सांगितलेलं नाही.

मी आता धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे. जनरल शिफ्ट, डोक्याला जाळी, हातात ग्लोव्हज. सुटीच्या दिवशी आमच्या बायकांच्या गटाबरोबर अष्टमीच्या पुलाजवळ पत्रकं वाटते. पत्रकं मीच लिहिते. नवऱ्याने हात मोडला तर काय करावं, घराबाहेर काढलं तर कुठं जावं, पोलीस तक्रार घेत नसतील तर काय म्हणावं, सगळं लिहिलंय. बाईच्या हाडांवर लिहिलं, भाजण्यावर लिहिलं, डागांवर लिहिलं. डोक्यावर कधीच नाही. आम्हाला शिकवणाऱ्यांनी सांगितलं नाही, त्यांना शिकवणाऱ्यांनीही सांगितलं नसणार. डोकं फुटून रक्त आलं तरच ते दुखणं. रक्त नसेल तर बाईचा स्वभाव.

हे तुझ्यासाठी लिहितेय, आणि आपल्या आळीत राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून, कुणी पनवेलला कुणी ठाण्याला गेलेल्या सगळ्यांसाठी. पापड लाटायला बसाल तेव्हा मोठ्याने वाच. आईला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "लिही. आणि बापाने केलं असं लिही, नायतर पाय घसरला म्हणतील."

आमच्या शेजारच्या खोलीत संदेश राहतो. धाटावलाच ऑपरेटर आहे. शिफ्ट सुटल्यावर येताना बाईक घसरली आणि डोकं दगडावर आपटलं. चाळीत काय पळापळ झाली म्हणून सांगू. आधी रोहा, मग पुढे पनवेल, सीटी स्कॅन, सलाईन. घरी आला तेव्हा त्याची बायको प्रणाली दारोदार सांगत फिरली, मिक्सर लावू नका, टीव्ही बारीक ठेवा, त्याच्या डोक्याला मार लागलाय. आणि लोकांनी ऐकलं, काकी. वरच्या मजल्यावरच्या पोरांनी क्रिकेट बंद केलं. कुणी शहाळं आणलं, कुणी खिडकीला लावायला जाड चादर. एकदा त्याने वरणाची वाटी भिंतीवर फेकली, तर सगळे म्हणाले, समजून घ्या, तो नाय करत, त्याचा मेंदू करतो. तीच गोष्ट तीनतीनदा विचारली तर लोक हसून तीनतीनदा उत्तर द्यायचे. कंपनीने रजा दिली.

मला त्याचा हेवा वाटला. आजारी माणसाचा हेवा करावा का, असं विचारू नकोस. आमच्या आणि त्यांच्या खोलीच्या मध्ये नुसती एक पत्र्याची भिंत. पलीकडे सगळी चाळ एका माणसाच्या डोक्याला जपत होती. अलीकडे माझी आई, तेच डोकं, तेच दुखणं, आणि तिच्यासाठी कुणी कधी रेडिओ बारीक केला नव्हता.

आठव ना. आईने एकाच पिठात पापडखार दोनदा घातला तेव्हा काय झालं? सगळं पीठ कडूझार. बायका महिनाभर चेष्टा करत होत्या, "वैनीचं लक्ष कुठं हाय, यार बिर केलाय की काय." दुपारी डोक्याला फडकं बांधून अंधारात पडायची, तर आजी म्हणायची राणी झोपली. तिने ताट फेकलं, तर अंगात आलं म्हणून देवऋषी आणला. माझ्या शाळेच्या गॅदरिंगला यायची विसरली, तर बाई म्हणाल्या, तुझ्या आईला आवड दिसत नाही. मी दुसऱ्यांच्या आया बघत बसले. पुढच्या रांगेत, डोक्यात गजरे, पोरीचं नाव पुकारलं की कोपराने शेजारणीला ढोसणाऱ्या. त्यांच्या पोरींचा मी तेव्हापासून हेवा करतेय, त्यातल्या एकीला आता दोन मुलं आहेत तरी संपलेला नाही.

आणि विसरलं की बाबा मारायचे. विसरते म्हणून मारायचे आणि मारल्यामुळे ती आणखी विसरायची. हे चक्र घरातल्या प्रत्येकाला दिसत होतं. नाव मात्र सगळ्यांनी एकच ठेवलं, येडी.

संदेशकडे आई रोज जाऊन बसायला लागली. त्याची आई लांब, प्रणाली कामावर. एकदा मी डोकावले तर आई त्याच्या उशाशी, खोलीत काळोख, आणि ती प्रणालीला सांगतेय, "ट्यूब नको लावू गो. डोळ्यांतून सुई गेल्यागत होतं त्याला. आणि एका वेळी एकच विचारायचं. चहा पिणार का जेवणार का, असं दोन नको. गडबडतं." प्रणालीने विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं कळतं?" आई म्हणाली, "असंच होतं ना डोकं दुखल्यावर. सगळ्यांचं होतं."

सगळ्यांचं होत नाही, काकी. मला नाही होत. ती जे परक्या पोरासाठी करत होती ते तिने माझ्यासाठी कधी केलं नव्हतं, आणि दारात उभं राहून मी त्याच्यावरही जळत होते. तेवढ्यात मला उमगलं की ही संदेशचं सांगतच नाहीये.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. भाऊजी आता शांत झालेत, दारू सोडलीय, पापडाचा सीझन हाय, वैनी, तू परत ये. तू मनापासून बोलत होतीस. आईने फोन ठेवला आणि पिशवीत साड्या भरायला घेतल्या. "सुमन एकटी किती लाटणार," म्हणाली. "मी जाते घरी."

मी म्हटलं, "आई, कुठल्या घरी? बाबांनी तुझं डोकं कोठीच्या भिंतीवर आपटलं होतं. एकदा नाही."

"काय बोलतेस? थोबाडीत द्यायचे कधीमधी. कुणाचा नवरा देत नाय? भिंतीबिंतीवर काय नाय. तुझी ती पत्रकं वाचून वाचून तुला सगळीकडे तेच दिसतं."

ती खोटं बोलत नव्हती. तिला आठवतच नव्हतं. आठवणीतून नेमका तो मारच गेलाय. खाडीवरचा वारा आठवतो, अंगणातला पापडांचा वास आठवतो, बाबांनी एकदा पेणच्या बाजारातून जांभळं आणली होती ती आठवतात. मग मला बाबांचा हेवा वाटला. आयुष्यात एवढा कुणाचा वाटला नसेल. ज्या हाताने मारलं त्याच हाताने साक्षही पुसली. मी तिला सांभाळतेय, डोकेदुखीच्या गोळ्या देतेय, तिच्या शिव्या खातेय, आणि जांभळं मात्र बाबांची.

तिची इच्छा असेल तर अडवणारी मी कोण? आमच्या गटात आम्ही रोज हेच घोकतो, निर्णय बाईचा. पण ज्या डोक्याने निर्णय घ्यायचा तेच ठेचलेलं असेल तर काय करायचं, हे घोकण्यात कुठं लिहिलेलं नाही. मी फक्त एवढंच म्हटलं, संदेशची तपासणी आहे, त्याला तुझी सवय झालीय, तपासणी होईपर्यंत थांब.

मी हाफ डे टाकून बरोबर गेले. दवाखान्यात पांढऱ्या लाइटखाली आई पदर डोळ्यांवर ओढून बसली. डॉक्टर संदेशला तपासत होते, पण बघत तिच्याकडे होते. म्हणाले, "मावशी, तुमच्या डोक्याला कधी लागलं होतं का?" आई म्हणाली, "घसरले असेन न्हाणीत." मी म्हटलं, "वडिलांनी भिंतीवर आपटलंय. बऱ्याच वेळा. दोनदा गळा दाबलाय." आई माझ्यावर अशी चिडली की बाहेरची माणसं वळून बघायला लागली. "ही वाढवून सांगते डॉक्टर. हिला सवय हाय."

डॉक्टर कुणाच्या बाजूने बोलले नाहीत. समजावून सांगितलं. भरलेली कळशी दाणकन आपटली तर ती फुटतेच असं नाही, पण आतलं पाणी हिंदकळतं. तसा मेंदू कवटीत हिंदकळतो. शुद्ध हरपावी लागत नाही, रक्त यावं लागत नाही, आणि स्कॅन स्वच्छ आला म्हणून काही झालंच नाही असंही नसतं. गळा दाबला की मेंदूला हवा पोचत नाही, तीही इजाच. मग डोकं दुखतं, उजेड सोसत नाही, झोप उडते, राग येतो, विसरायला होतं, घडलेलं क्रमाने सांगता येत नाही. म्हणून पोलिसांत, कोर्टात अशी बाई खोटारडी वाटते. दुखणं जुनं असलं तरी काही प्रमाणात उतरतं, सगळं उतरेल असं नाही. आणि एकावर एक मार बसत गेला तर मेंदू कमी कमी सावरतो. "आता डोक्याला धक्का लागू द्यायचा नाही," आईला म्हणाले. "कसाही."

तपासण्या केल्या, गोळ्या बदलल्या. घरी येईपर्यंत आई माझ्याशी बोलली नाही. पिशवी भरलेलीच होती.

संध्याकाळी तुझ्या फोनवरून बाबा बोलले. इतकी वर्षं त्यांनी स्वतःहून आवाज काढला नव्हता. आईने स्पीकर लावला, कारण तिला कानाशी फोन सोसत नाही. ते म्हणाले, "उद्या येतेस ना? तुझ्या वाटणीची भाकरी सुमन टाकून ठेवेल." गोड बोलले. आई हसलीसुद्धा. मग म्हणाली, "येते. पण डॉक्टर म्हणाले, डोक्याला मागे मार लागलाय, जपायला पायजे."

बाबा म्हणाले, "झालं हिचं सुरू. त्या भिंतीला आपटलं त्याला वर्षं झाली की. अजून तेच धरून बसलीस."

आईने माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे तोंड करून सावकाश म्हणाली, "भिंतीचं मी काय बोललेच नव्हते."

बाबा म्हणाले, "काय?"

"मी भिंत म्हटलंच नाय. तुम्ही म्हटलीत. मला तर आठवतपण नव्हती."

तिकडून काहीतरी पुटपुटणं आलं आणि मग तुझा आवाज. तुला सगळं ऐकू गेलं होतं हे मला माहीत आहे. आई तुला म्हणाली, "सुमन, मी नाय येत गो." एवढंच. मग तुम्ही दोघी पापडखाराच्या त्या पिठावर येऊन पोचलात, आणि आई डोळे पुसत हसत होती, आणि मी चहाचं आधण ठेवून भांड्यांत उगाच खुडबूड करत होते. माझ्याशी ती अशी हसत नाही. मी भिंत सांगितली तर मी वाढवून सांगणारी. तुझ्या नुसत्या आवाजाला ती विरघळते.

साड्या तिने स्वतः पिशवीतून काढून परत घडीला लावल्या. घराची आठवण येते असं अजून म्हणते. कुठल्या घराची, म्हणून मी खोदून विचारलं. पाटाची, परातीची, दारातल्या चिंचेची सांगत गेली आणि प्रत्येकाच्या शेवटी तूच बसलेली. बाबा नव्हते, मी नव्हते. म्हणजे तिचं घर खारेपाटात आहे तेवढंच तुझ्यात आहे, आणि तुला एसटीने येता येतं.

तर ये. बाबांना आणू नकोस. आळीतली जी कुणी दुपारची डोक्याला फडकं बांधून पडत असेल, तिला येडी म्हणायच्या आधी विचार, तुला कुणी मारलं का. नाय म्हणाली तरी मागे लागू नकोस, पण परत विचार. पाहिजे तर तिला घेऊनच ये, डॉक्टरांकडे मी नेते.

आमच्याकडे आता बारीक पिवळा बल्ब आहे, याच चाळीने माझ्या आईसाठीपण टीव्ही बारीक केलाय, मी दारोदार जाऊन सांगितलं, लाज ठेवली नाही. चार दिवस राहा, आठ राहा. बडबड करा, हसा. फक्त मी कंपनीतून आले की थोडी सरकून बस. मलाही तिच्या शेजारी बसायचं असतं.