धुक्यातले तीन ठोके

"आजी, नेटवर लोकांच्या भुताखेताच्या अनुभवांखाली खवचट कमेंटी टाकतेस, एकदा स्वतःचा लिही की!" इति आमची नात. तर घ्या. भूतबित मी मानत नाही. जन्मभर पुण्यात कॉलेजला भूशास्त्र शिकवलंय, दगडांशी संसार केलाय.

वीसेक वर्षं झाली असतील. तेव्हा मी फारच शहाणी होते — गळ्यात भिंग, डोक्यावर हॅट, आणि शंका विचारणाऱ्याला गार करणारी नजर. आज ती बाई समोरून आली तर मी फुटपाथ बदलेन.

फर्स्ट इयरची मुलं घेऊन सिंहगडाच्या उतारावर नकाशा करायला गेलो होतो. लाव्हाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा असतो. तो धरून चालायचं आणि कागदावर उतरवायचा. "काही झालं तरी पट्टा सोडायचा नाही!" हा माझा हुकूम. आणि धुकं आलं तर मी हातोड्याने दगडावर दोन ठोके मारणार, मागे राहिलेल्याने तीन मारून उत्तर द्यायचं. उगाच बोंबलायचं नाही.

दुपारी धुकं उतरलं. वाटेवरच्या चहाच्या टपरीपाशी हजेरी घेतली... वैशाली नाही. अकोल्याची, हॉस्टेलवर राहणारी, सांगितलेलं तंतोतंत ऐकणारी मुलगी. आणि तो पट्टा पुढे थेट कड्यावर जाऊन संपतो. आम्ही तिथवर जाणारच नव्हतो, म्हणून मी बोललेही नव्हते.

"मॅडम, एकट्या नका जाऊ," बरोबरचे सर म्हणाले.

"तुम्ही मुलं सांभाळा हो. अजून एक हरवलं तर तुमचंच नाव सांगेन."

एवढं बोलून मी पट्टा धरून धुक्यात शिरले.

ठक् ठक्. काही नाही. थोडं पुढे... ठक् ठक्. नुसता वारा. पुन्हा मारले — आणि डावीकडून स्पष्ट आलं, ठक् ठक् ठक्.

त्या आवाजामागे गेले. माझे दोन, त्याचे तीन. अचानक ती दिसली, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. तिच्या पुढ्यात हातभर गवत, मग काहीच नाही. कडा.

दंड धरून मागे ओढली. "शाब्बास! ठोकत राहिलीस म्हणून सापडलीस."

"मी? माझा हातोडा तर मघाशीच घसरून खाली गेला ना मॅडम. कोणीतरी अगदी बाजूलाच ठोकत होतं... मले वाटलं तुम्हीच आहात, म्हणून बसली इथं."

बाकी सगळी टपरीत होती. आणि प्रतिध्वनी म्हणाल, तर मीही आधी तेच म्हटलं असतं — पण दोनाचा प्रतिध्वनी तीन होत नाही हो.

तिला घेऊन वाटेला लागले. वळणावर, तिच्या नकळत, मी पुन्हा हळूच दोन ठोके मारले. बराच वेळ थांबले. उत्तर आलं नाही.

कोण होतं, काय होतं, मला आजही सांगता येत नाही. पण त्या शांततेला मी हात जोडले. हॅट काढून.