साहित्य : सुती कापड, सुती दोरा, ज्वारी

इतरांनी बनवलेल्या गोळ्यांमध्ये जे असू नये ते शोधून काढणे, हे माझ्या नोकरीचे स्वरूप आहे. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी हे काम करते, चांगले करते, आणि ते आयुष्यभर करत राहण्याची माझी इच्छा नाही. मला गोधड्या करायच्या आहेत. पांघरायच्या नव्हेत; भिंतीवर टांगायच्या, ज्यांच्या शेजारी लहानशा पांढऱ्या पाटीवर करणाऱ्याचे नाव असते.

छावणी भागातल्या आमच्या शेजारणींना आई बरीच वर्षे सांगत आली, की मुलीला शिवणकामाचा छंद आहे. अंगात बारीक कणकण आहे हे ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात ती हे सांगे.

दक्षिणेतल्या एका शहरात दरवर्षी कापडकलेचे प्रदर्शन भरते. त्यासाठी निवडलेल्या कामांमधून एकाला संस्थेच्या कार्यशाळेत वर्षभर काम करण्याची जागा मिळते : राहायला खोली, मोठी टेबले, रंगांची भांडी, आणि ज्यांना गोधडीबद्दल तासभर बोलता येते अशी माणसे. मला ती जागा हवी होती. पहिल्या वर्षी मी मशीनवर शिवलेली, कोनमापकाने तपासलेली गोधडी पाठवली. परीक्षकांनी कळवले, की काम तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे, मात्र हाताचा स्पर्श जाणवत नाही. दुसऱ्या वर्षी एकेक टाका स्वतःच्या हाताने घातला. परीक्षकांनी कळवले, की हाताचा स्पर्श जाणवतो, मात्र तांत्रिक सफाई हवी. विज्ञान शिकलेल्या माणसाने अशा वेळी चिडायचे नसते. दोन्ही निरीक्षणे शेजारी मांडून निष्कर्ष काढायचा असतो. निष्कर्ष असा निघाला, की मला मशीनसारखा चालणारा हात हवा होता. असा हात आमच्या कुटुंबात एकच होता. तो करमाडच्या आत्याचा.

हा माझा शेवटचा प्रयत्न असणार होता, कारण आईशी तसा करार झाला होता. या वेळीही जमले नाही तर मी मुकाट्याने नोकरी करावी आणि आलेली स्थळे पाहावीत. आईने कराराच्या आपल्या बाजूची तयारी आधीच सुरू केली होती. माझे फोटो काढून झाले होते.

आत्या वडिलांची थोरली बहीण. तिचे बालपण मेंढरांमागे गावोगाव फिरण्यात गेले. त्या घरात गोधडी म्हणजे अंथरूण, पांघरूण, पालाचे दार, आणि मुक्काम हलला की घोड्याच्या पाठीवर घालायचे खोगीर. आता तिच्याकडे मेंढरे नाहीत, चार शेरडे आहेत, एक सून आहे, आणि या सर्वांवर तिचे सारखेच लक्ष असते. गोधडी ती एका कोपऱ्यापासून धरते. काठाकाठाने धावदोरा घालत चारी बाजू फिरते, मग आतली चौकट, मग तिच्या आतली, असे करत मध्यापर्यंत पोचते. मदतीला बसलेल्या बाईचा टाका पसंत पडला नाही, तर ती काही बोलत नाही. त्या बाईला चहा करायला पाठवते. एका उन्हाळ्यात मी तिच्याकडे फार चहा केला होता.

माझ्या नव्या गोधडीचे नाव होते ‘अर्धायुष्य’. प्रयोगशाळेतले जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले पांढरे कोट, वडिलांची धोतरे आणि आत्याची एक विटलेली निळी साडी यांच्या पट्ट्या मी मशीनवर जोडल्या होत्या. प्रत्येक निळी पट्टी आधीच्या पट्टीच्या निम्म्या रुंदीची. उजवीकडे जाता जाता निळा रंग इतका बारीक होई की शेवटी नुसती शिवणच दिसे. हे जोडकाम घेऊन मी करमाडला गेले आणि ओट्यावर पसरले.

आत्याने ते बराच वेळ पाहिले.

“कापड पुरलं नाय व्हय गं?”

“पुरलं, आत्या. ते मुद्दाम कमी होत गेलंय. औषध अंगात गेलं की काही वेळानं निम्मं उरतं. मग त्याच्या निम्मं. मग त्याच्याही निम्मं.”

“मग कधी संपतं?”

“तसं पाहिलं तर कधीच नाही.”

“आन् डॉक्टर रोज गोळी खायला लावतो ते कामून?”

मी उत्तर द्यायला सुरुवात केली होती. पण तिला उत्तर नको होते. तिने सुनेला हाक मारली. “बघ गं, शिकलेल्या पोरीची गोधडी. घरात येवढाल्या साड्या पडल्यात आन् चिंध्या जोडीत आलीया.” सून हसली. आत्याने तोवर सुईत दोरा ओवला होता.

तिचे टाके पाहताना मला परीक्षकांची दोन्ही वाक्ये एकाच वेळी खोटी ठरताना दिसत होती. शनिवार-रविवार मी जाई, सुया ओवून देई, आणि चहा करी. काम मध्यापर्यंत आले. राहिला फक्त पहिला कोपरा. तो आत्याने सुरुवातीलाच बोटभर उघडा ठेवला होता. मला वाटले, गाठ लपवायला ठेवला असेल. तिने घरात जाऊन सकाळच्या भाकरीचा तुकडा आणला आणि त्या फटीत सरकवायला लागली.

मी जवळजवळ ओरडलेच. “आत्या, हे काय करायलीस?”

“जेवू घालायलेय. नवी गोधडी उपाशी ठेवीत नसतेत.”

ही आमच्याकडची रीत मी ऐकून होते. ज्या गोधड्यांखाली मी लहानपणी झोपले, त्यांच्याही कोपऱ्यात असा तुकडा असणार. पण त्या गोधड्या प्रदर्शनाला जाणार नव्हत्या. प्रदर्शनाच्या अटींत लिहिले होते, की कामाला वास, डाग किंवा कीड नसावी. ओलसर भाकरी, बंद कोपरा आणि आठवड्याचा प्रवास यांतून काय उगवेल, हे मला बुरशीच्या जातीच्या नावासकट सांगता आले असते. आत्याला मी बुरशी समजावली, मुंग्या समजावल्या, उंदीर समजावले. तिने सुई गोधडीत खोचून ठेवली.

“मग ने अशीच. कोपरा उघडा ऱ्हाऊ दे. उपाशी गोधडीला म्या गाठ मारणार नाय.”

शेवटी तह झाला. भाकरी राहील, पण ती मी तयार करीन. प्रयोगशाळेच्या भट्टीत भाकरी नेणे म्हणजे नोकरी त्याच दिवशी सोडणे, म्हणून तो तुकडा मी घरच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवला, गार केला, पुन्हा वाळवला, आणि औषधाच्या बाटल्यांतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत डब्यात बंद करून ठेवला. पुढच्या शनिवारी मी तो पारदर्शक पिशवीत घालून करमाडला नेला. आत्याने पिशवी उजेडात धरली.

“पलाष्टिकात बांधल्यावर खाईल कशी ती?”

पिशवी काढली. आत्याने तुकडा दाताखाली धरून पाहिला, नाक मुरडले, “कुत्रं खायाचं नाय,” असा शेरा मारला, आणि कोपरा शिवला.

आता मी जे केले ते आमच्या धंद्यातल्या सवयीने केले. प्रवेशिकेत साहित्याचा रकाना होता. सगळे लोक तिथे ‘सुती कापड, सुती दोरा’ लिहून मोकळे होतात. पण आमच्या कामात गोळीत काही जास्तीचे सापडणे हा दोष असतो, आणि ते माहीत असून न लिहिणे हा गुन्हा असतो. मी ‘सुती कापड, सुती दोरा’ यांच्यापुढे स्वल्पविराम दिला आणि लिहिले : ‘ज्वारी, भाजून पूर्ण वाळवलेली, अत्यल्प’. हातटाका कोणाचा तेही प्रामाणिकपणे लिहिले. संकल्पनेच्या रकान्यात अर्धायुष्यावर एक परिच्छेद लिहिला, तो मी अनेकदा घासून लखलखीत केला होता.

प्रदर्शनाच्या संयोजिकेचा फोन आला तो परिच्छेदाबद्दल नव्हता. त्यांना ज्वारीबद्दल विचारायचे होते. मी रीत सांगितली. त्यांनी हळुवार इंग्रजीत विचारले, की ज्यांनी या गोधडीला जेवू घातले त्यांच्याशी बोलता येईल का.

म्हणून पुढच्या रविवारी मी करमाडच्या ओट्यावर मोबाइल धरून बसले. पडद्यावर संयोजिका, पडद्यासमोर आत्या, आणि मध्ये भाषांतरासाठी मी. आत्याने इरकली नेसली होती आणि शेरडांना चौकटीबाहेर बांधायला लावले होते. संयोजिकेने विचारले, ही रीत कुठून आली. आत्या म्हणाली, सासूने सांगितली. मी भाषांतर केले. संयोजिका किंचित निराश दिसल्या. आत्याने ते टिपले.

“तसं नाय,” ती म्हणाली. “सांग त्यांना. मेंढरं घेऊन आम्ही घाटात हुतो. एक लेकरू चुकलं. अंगावर गोधडी तेवढी. दोन दिसांनी घावलं तर कोपरा उसवून भाकर खाऊन खुशाल झोपलेलं. तवापासून आमच्यात भाकरीबिगर गोधडी नाय.”

मी तिच्याकडे पाहिले. घाट, लेकरू, दोन दिवस, यांतले काहीही मी आजवर ऐकलेले नव्हते. वडिलांनीही ऐकलेले नव्हते, हे मी नंतर विचारून घेतले. पण संयोजिकेचे डोळे पाणावले होते आणि त्या वाट पाहत होत्या. मी भाषांतर केले. शब्दशः केले.

फोन ठेवल्यावर मी विचारले, “आत्या, हे खरं हाय?”

“त्या बाईला काय आवडलं ते तुला दिसलं नाय व्हय?”

निवड झाली. पत्र मी उभ्याने वाचले आणि मग बसले. गोधडी ‘जिवंत परंपरा’ या विभागात घेतली होती. करणारी म्हणून आत्याचे नाव होते. माझा उल्लेख ‘संकल्पना साहाय्य : भाची’ असा होता. पाटीवर छापायचा मजकूरही सोबत होता. त्यात म्हटले होते, की निमुळत्या होत गेलेल्या पट्ट्या म्हणजे हाताशी उरलेल्या कापडातून, ग्रामीण काटकसरीतून आपोआप घडलेली रचना आहे. अर्धायुष्य या शब्दाला जागा मिळाली नव्हती. वर्षभराची जागा यंदा गोधडीला मिळाली होती, म्हणजे आत्याला. भाषेची अडचण लक्षात घेऊन तिने पसंतीचा एक मदतनीस सोबत आणावा, खर्च संस्था करील, असेही लिहिले होते.

मी हे वाचून दाखवले तेव्हा आत्याने पहिला प्रश्न विचारला, “जेवायला काय आसतंय तिथं?”

“भात.”

“रोज?”

“रोज.”

तिने सुनेकडे एक नजर टाकली. “जाते. हिला कळंल तरी घर म्हंजे काय आसतं.” शेरडांचे काय, या प्रश्नाचा निकाल त्याच वाक्यात लागला असे धरून ती उठली.

मदतनीस मीच असणार, असे मी गृहीत धरले होते. आत्याने धरले नव्हते. देवगाव रंगारी या गावी दिलेली तिची लेक लहानपणापासून तिच्या शेजारी बसून शिवत आली होती. पुढच्या रविवारी तिला बोलावले होते. मलाही. पुन्हा एक निवड, या वेळी ओट्यावर. आत्याने एक जुनी गोधडी पसरली, एका काठाला लेक, दुसऱ्या काठाला मी, आणि दोघींना एकेक सुई.

लेकीची ओळ सरळ गेली. न बघता, माझ्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलता बोलता गेली. मी बोलत नव्हते. श्वासही मोजका घेत होते. त्या ओळीच्या टोकाला खोली होती, टेबले होती, रंगांची भांडी होती, आणि न जमल्यास आईकडे तयार असलेले फोटो होते. आत्या आली. लेकीच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. माझ्या टाक्यांवरून फिरवला, एका जागी थांबवला आणि मागे नेला.

“वाकडं हाय.”

“शिकेन, आत्या.”

“कवा? म्हातारी झाल्यावर?” तिने लेकीला विचारले, “माय, त्या बाईनं फोनवर इचारलं, लेकरू खरंच चुकलं हुतं का, तर काय सांगशील?”

“कोन्तं लेकरू?” लेक म्हणाली. “आपल्यात कुठं चुकलं लेकरू?”

आत्याने मान हलवली, जणू तिला हवे ते मिळाले. मग माझ्याकडे वळली. “हिचा हात चांगला हाय, पर ही खरं बोलून बसंल. तुहा हात वाकडा, पर म्या बोलले ते तू गप गुमान सांगितलंस. तुला न्यावं लागंल.”

लेक मनापासून हसली. तिला जायचे नव्हतेच. मी हसावे की नाही याचा विचार करत असतानाच, होय म्हणून गेले होते.

“पर मधी बोलायचं नाय,” आत्या म्हणाली. “म्या काय बी सांगीन. तू निस्तं इंग्रजी करायचं.”

“काय बी?”

“काय बी.”

सोमवारी मी कामावर राजीनामा दिला. विभागप्रमुखांनी विचारले, पुढे काय करणार. मी सांगितले, एका ज्येष्ठ कलावंतांची साहाय्यक म्हणून जाते आहे. ते प्रभावित झाले. कोणत्या कलावंत, असे त्यांनी विचारले, आणि मी त्यांना, कोणीही विचारलेले नसताना, घाटात चुकलेल्या लेकराची गोष्ट सांगायला सुरुवात केली.